घर सोडताना भिंतीवरच्या डागाचे पैसे कुणी द्यायचे? डिपॉझिट, झीज आणि नुकसानीचा हिशोब समजून घ्या

करार संपलेला असतो. खाली टेम्पो उभा असतो, सामान बांधून झालेलं असतं आणि घरमालक एकेक खोली फिरून बघत असतात. हॉलच्या भिंतीला खिळ्यांची भोकं, सिंकखाली ओल, बाथरूमच्या दाराची फुगलेली कड. मग ठरलेलं वाक्य येतं, "रंगाचे आणि रिपेअरिंगचे कापून बाकीचं डिपॉझिट देतो." किती कापणार आणि कशाच्या आधारावर, हे मात्र सांगितलं जात नाही.

मुंबई-पुण्यात डिपॉझिट म्हणजे काही महिन्यांचं भाडं असतं. जुन्या घराचे पैसे हातात आले की तेच नव्या घराला भरायचे, असं बहुतेकांचं गणित असतं. ते अडकले की माणूस मिळेल तेवढं घेऊन गप्प बसतो. दुसऱ्या बाजूला असेही घरमालक असतात, ज्यांच्या घराची दुरुस्ती डिपॉझिटच्या रकमेतही भागत नाही.

मग घर सोडताना कोणतं नुकसान कुणाच्या खिशातून जातं?

थोडक्यात उत्तर

रोजच्या साध्या वापरामुळे जी झीज होते, तिचा भार घरमालकावर. निष्काळजीपणामुळे, गैरवापरामुळे किंवा परवानगीशिवाय केलेल्या बदलांमुळे जे नुकसान होतं, त्याचा भार भाडेकरूवर. पूर, वादळ यांसारख्या आपत्तीत झालेल्या नुकसानीसाठी भाडेकरूला जबाबदार धरता येत नाही, अट इतकीच की त्यात त्याची चूक नसावी.

करारात स्पष्टपणे वेगळं काही लिहिलं असेल, तर आधी करार बघितला जातो. म्हणून डिपॉझिटच्या भांडणात पहिली गोष्ट, करार काढून पूर्ण वाचा.

कायदा नेमकं काय म्हणतो?

या विषयातलं मूळ कलम बरंच जुनं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्टा देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत. भाडेकरूने जागा ज्या स्थितीत घेतली, तितक्याच चांगल्या स्थितीत परत करायची. याला दोन अपवाद आहेत: वाजवी वापरामुळे झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीमुळे झालेला बदल.

याच कलमानुसार भाडेकरूच्या चुकीमुळे काही बिघडलं आणि मालकाने तशी नोटीस दिली, तर ३ महिन्यांच्या आत ते दुरुस्त करून द्यावं लागतं. भाडेकरूने स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी काढून नेता येतात, पण जागा मूळ स्थितीत आणून. थोडक्यात, तुम्ही लावलेलं टीव्ही युनिट तुमचं, पण त्यामागे पडलेली मोठी भोकं बुजवणंही तुमचंच काम.

इथे एक मेख आहे. महाराष्ट्रात आज घरं बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. बोलताना आपण 'भाडेकरू' म्हणतो, पण या करारात तुम्हाला कायद्याच्या भाषेत फक्त जागा वापरण्याची परवानगी मिळते. तिची व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. कलम १०८ हे भाडेपट्ट्यासाठी असल्यामुळे लिव्ह अँड लायसन्समध्ये मुख्य आधार असतो तो करारातल्या अटींचा आणि भारतीय करार कायदा, १८७२ चा. मात्र बहुतांश छापील करारांत 'साधारण झीज वगळता जागा चांगल्या स्थितीत परत करावी' अशाच अर्थाचं वाक्य असतं. त्यामुळे व्यवहारात तत्त्व तेच राहतं.

झीज आणि नुकसान यांत फरक कसा करायचा?

झीज कशाला म्हणायचं, याचा तक्ता भारतीय कायद्यात दिलेला नाही. पण स्वतःला एक प्रश्न विचारला की बरंच चित्र स्पष्ट होतं: घर नीट सांभाळून वापरलं असतं, तरी हे झालं असतं का? उत्तर 'हो' असेल तर ती झीज. 'नाही' असेल तर ते नुकसान.

साधारणपणे झीज मानता येईल अशा गोष्टी:

- उन्हाने किंवा काळाने फिका पडलेला रंग
- फोटो किंवा घड्याळ लावण्यासाठी ठोकलेले दोन-चार खिळे
- सोफा किंवा कपाट ठेवल्यामुळे भिंतीवर आणि फरशीवर उमटलेल्या पुसट खुणा
- सैल झालेल्या बिजागऱ्या, जुनी झालेली कडी, नळाचा झिजलेला वॉशर
- क्षारयुक्त पाण्यामुळे नळावर आणि टाइल्सवर साचलेला पांढरा थर, तोही नेहमीची साफसफाई होत असेल तर

साधारणपणे नुकसान मानता येईल अशा गोष्टी:

- फुटलेलं वॉश बेसिन, तडकलेली टाइल, तुटलेली काच
- मुलांनी खडूने किंवा पेनाने रंगवलेली भिंत
- पाळीव प्राण्याने ओरबाडलेलं दार किंवा फाडलेली गादी
- गरम भांडं ठेवून जळालेला ओटा किंवा टेबल
- न विचारता ड्रिल करून बसवलेले जड रॅक, बदललेलं वायरिंग, पाडलेलं पार्टिशन
- गळती दिसत असूनही महिनोन्महिने न कळवल्यामुळे फुगलेलं किचन ट्रॉलीचं लाकूड

शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. पाइप फुटण्यात भाडेकरूची चूक नसते. पण पाणी झिरपताना बघूनही कळवलं नाही, तर त्यातून वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते.

रंगाचे पैसे कापता येतात का?

सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात. भिंतींचा रंग कुणीही राहिलं तरी काही वर्षांनी खराब होतोच. म्हणून करारात काहीच लिहिलं नसेल, तर फक्त 'रंग जुना झाला' या कारणासाठी संपूर्ण घर रंगवण्याचा खर्च भाडेकरूकडून घेणं तत्त्वाला धरून नाही. एखादी भिंत खरंच खराब केली असेल, तर प्रश्न त्या भिंतीपुरता येतो.

पण अनेक करारांत 'घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' अशी अट असते. सही करताना ही ओळ कुणी वाचत नाही. भाडेकरूने रंगाचा ठरावीक खर्च देण्याचं स्पष्टपणे मान्य केलं असेल, तर नंतर नाही म्हणणं अवघड जातं.

अट दंडासारखी असेल, म्हणजे 'काहीही नुकसान झालं तर पूर्ण डिपॉझिट जप्त', तर गोष्ट वेगळी. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार, करारात आधी ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सविस्तर सांगितला आहे. नुकसान झालंच नसेल तर भरपाई म्हणून रक्कम जप्त करता येत नाही, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. तो वाद जमिनीच्या लिलावातल्या आगाऊ रकमेचा होता, पण त्यात सांगितलेलं तत्त्व करारांना सर्वसाधारणपणे लागू होतं.

ओल आणि गळती कुणाच्या नावावर?

पावसाळ्यानंतर घर सोडणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. भिंतीला पोपडे आले म्हणून डिपॉझिट कापायचं म्हटलं, तर आधी पाणी कुठून आलं ते बघावं लागतं.

बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पावसाचं पाणी झिरपत असेल, तर त्यात भाडेकरूचा काहीच संबंध नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी येत असेल, तर तो विषय दोन फ्लॅटधारकांमधला. भिंतीत गाडलेले जुने पाइप गंजले असतील, तर ते घरमालकाचं. भाडेकरूने वॉशिंग मशीनचं कनेक्शन चुकीचं जोडल्यामुळे पाणी मुरलं असेल, तर मात्र ते भाडेकरूचं.

एक उदाहरण: हिशोब कसा मांडायचा?

समजा, पुण्यातल्या एका टू बीएचके फ्लॅटचं डिपॉझिट ७५,००० रुपये आहे. भाडेकरू कुटुंब येण्याआधी घर रंगवलं होतं आणि त्याला आता २ वर्षं झाली आहेत. घर सोडताना मालकांनी ही यादी दिली:

- संपूर्ण घराचा रंग: ३०,००० रुपये
- नवं वॉश बेसिन: ४,००० रुपये
- नवा गिझर: ९,००० रुपये
- साफसफाई: ४,००० रुपये

एकूण कपात ४७,००० रुपये. हातात येणार २८,००० रुपये. आता एकेक मुद्दा बघू.

रंग: खिळ्यांच्या खुणा ही झीज. मुलाने रंगवलेली एक भिंत हे नुकसान. तेवढ्या भिंतीचा खर्च ५,००० रुपये धरू. रंग साधारण ५ वर्षं टिकतो असं गृहीत धरलं, तर त्यातली २ वर्षं आधीच वापरून झाली आहेत. मालकाचं खरं नुकसान उरलेल्या ३ वर्षांचं. म्हणजे ५,००० चे तीन पंचमांश, ३,००० रुपये.

बेसिन: वरून बाटली पडून तडकलं. भाडेकरूची जबाबदारी, ४,००० रुपये.

गिझर: ८ वर्षं जुना, कॉइल जळाली. 'छोट्या दुरुस्त्या भाडेकरूने करायच्या' अशी अट करारात असेल, तर कॉइल बदलण्याचा खर्च त्याच्यावर येऊ शकतो, समजा १,२०० रुपये. जुन्याच्या जागी नवा गिझर मात्र त्याच्या पैशातून येणार नाही.

साफसफाई: घर झाडून दिलं, पण चिमणी आणि ओट्यामागच्या टाइल्स तेलकट राहिल्या. तेवढ्या कामाचे १,५०० रुपये.

वाजवी कपात झाली ९,७०० रुपये. परत मिळायला हवेत ६५,३०० रुपये. मालकांच्या यादीपेक्षा तब्बल ३७,३०० रुपये जास्त.

हे काही कायद्यात दिलेलं सूत्र नाही. रंगाचं आयुष्य ४ वर्षं धरलं तर आकडा बदलेल. पण भरपाईचा हेतू नुकसान भरून काढणं हा असतो. जुनी वस्तू गेली म्हणून समोरच्याच्या पैशातून नवीकोरी वस्तू मिळवणं हा नसतो. चर्चेला बसताना दोन्ही बाजूंनी हे लक्षात ठेवलं, तर बरेच वाद तिथेच मिटतील.

नुकसान झालं हे सिद्ध कुणी करायचं?

जो दावा करतो त्याने, हा साधा नियम. भाडेकरूने बेसिन फोडलं असं मालकांचं म्हणणं असेल, तर घर देताना ते धड होतं हे त्यांना दाखवावं लागेल. भाडेकरूचं म्हणणं असेल की तडा आधीपासूनच होता, तर त्याच्याकडे पहिल्या दिवसाचा फोटो हवा.

म्हणूनच खरी तयारी घर सोडताना करायची नसते. राहायला येण्याच्या दिवशी, सामान लावण्याआधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून तो घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर पाठवा. पाठवल्याची तारीख त्यावर आपोआप राहते. पंखे, ट्यूबलाइट, गिझर, चिमणी, पडद्याचे रॉड यांची यादी करारातच जोडून घ्या आणि प्रत्येकाची स्थिती लिहा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार फोटो, व्हिडिओ, चॅट हे पुरावे म्हणून देता येतात. त्यासाठी कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फाइल आणि चॅट डिलीट करू नका.

करार नोंदवलेलाच नसेल तर?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

भाडेकरूच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची ओळ पुढे आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत ते खोटं असल्याचं सिद्ध होत नाही. म्हणजे 'रंगाचे पैसे कापायचं तोंडी ठरलं होतं' असं म्हणणाऱ्या मालकाची बाजू इथे लंगडी पडते.

आणखी एक सापळा. काही जण मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी करारात डिपॉझिटची रक्कम कमी दाखवतात आणि बाकीची रोख घेतात. शुल्काचा हिशोब बघा: परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्यावर ०.२५ टक्के. १ लाख रुपयांच्या डिपॉझिटवर वर्षाला होतात फक्त २५ रुपये. या २५ रुपयांसाठी रोख दिलेल्या रकमेचा पुरावाच राहत नाही. डिपॉझिट नेहमी बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि करारात पूर्ण रक्कम लिहून घ्या.

दोन महिन्यांच्या डिपॉझिटचा नियम महाराष्ट्रात आहे का?

सोशल मीडियावर 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' अशा पोस्ट फिरतात. त्यांचं मूळ आहे आदर्श भाडे कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा २ महिन्यांचं भाडं अशी आहे आणि देणी वजा करून उरलेली रक्कम ताबा घेण्याच्या दिवशीच परत करावी, असं म्हटलं आहे.

पण नावाप्रमाणेच तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रातले व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतात.

तरीही या नमुन्यातली दुसरी अनुसूची वाचण्यासारखी आहे. तिथे कामांची वाटणीच केली आहे. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग आणि इमारतीच्या रचनेची दुरुस्ती घरमालकाकडे. नळ आणि वॉशर बदलणं, ड्रेनेज साफ करणं, गिझर, बेसिन, स्विच-सॉकेट, कुलपं, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. नवा करार करताना ही वाटणी दोघांच्या संमतीने लिहून घेतली, तर ती करारातली अट म्हणून बांधील राहते.

पैसे अडकले तर काय करायचं?

पहिली पायरी, लेखी हिशोब मागणं. चावी देताना असा मेसेज पाठवता येईल:

"नमस्कार काका, आज सकाळी ११ वाजता फ्लॅटच्या दोन्ही चाव्या तुमच्याकडे दिल्या. मीटर रीडिंगचा फोटो आणि सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ सोबत पाठवतोय. डिपॉझिटमधून काही कापणार असाल तर कोणत्या कामाचे किती, ते बिलासकट कळवा. बाकी रक्कम कधीपर्यंत जमा होईल तेही सांगा."

त्याचा उपयोग झाला नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवता येते. पुढची पायरी दिवाणी दाव्याची. पैसे वसुलीचा असा दावा साधारणपणे ३ वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे समेटासाठी अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

डिपॉझिटचा वाद दिवाणी स्वरूपाचा असल्यामुळे पोलिस सहसा पैसे मिळवून देत नाहीत. धमकी, मारहाण किंवा सामान अडवून ठेवणं झालं, तर मात्र पोलिसांकडे जरूर जा.

भाडेकरूंनी टाळायच्या दोन गोष्टी

पहिली, 'डिपॉझिट दिल्याशिवाय घर सोडणार नाही' असं म्हणून अडून बसणं. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. डिपॉझिट वाचवायला जाऊन जास्त पैसे जायचे.

दुसरी, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं परस्पर डिपॉझिटमध्ये वळतं करणं. मालकांची लेखी संमती नसेल, तर तो कराराचा भंग ठरतो आणि चर्चेत तुमचीच बाजू कमजोर होते.

घरमालकांच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. डिपॉझिट ही नुकसानभरपाईची कमाल मर्यादा नाही. खरं नुकसान त्याहून जास्त असेल आणि ते बिलं, फोटो आणि यादीसह दाखवता येत असेल, तर उरलेली रक्कम भाडेकरूकडून मागता येते.

घर सोडण्याआधी एवढं करा

- १५ दिवस आधी घरमालकांसोबत घर एकदा बघून घ्या. जे दुरुस्त करायचं ते आपल्या माणसाकडून करून घेतलं, तर बहुतेक वेळा स्वस्तात होतं.
- मोठी भोकं पुट्टीने बुजवा. ओटा, चिमणी, बाथरूम साफ करा.
- वीज, गॅस, पाणी आणि सोसायटीची तुमच्याकडची बिलं भरा. पावत्या ठेवा.
- रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, मीटर रीडिंगसह.
- चाव्या परत दिल्याची नोंद दोघांच्या सहीने किंवा निदान मेसेजवर घ्या.
- कपात मान्य असेल तर आकडा लिहून घ्या. मान्य नसेल तर 'पूर्ण हिशोब मिटला' अशा कागदावर सही करू नका.